कोपऱ्यावरचा टाका

दुसुतीवर फुली टाका घालण्याची सवय हाताला शाळेपासून असल्यामुळे कॅनव्हासवरील भरतकामातला बिझंटाइन टाका आठवडाभरात जमेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहिली निर्दोष रांग उतरेपर्यंत आषाढ सरला.

हा टाका म्हणजे तिरप्या टाक्यांच्या उतरत्या पायऱ्या. प्रत्येक टाका कॅनव्हासचे दोन उभे आणि दोन आडवे धागे ओलांडून डावीकडे खालून उजवीकडे वर जातो, रांग मात्र डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरते. मी चार टाक्यांची पायरी घेतली होती. चार टाके उजवीकडे घालून झाल्यावर खाली वळताना मी पुन्हा एकपासून मोजू लागे, त्यामुळे काही पायऱ्या चारच्या आणि काही पाचच्या होत आणि दुसरी रांग पहिलीच्या कुशीत बसेना. मधून पांढरा कॅनव्हास डोकावत राही. सदाशिव पेठेतल्या आत्याने ते पाहताक्षणी सांगितले, "अगं, वळणावरच्या चौथ्या टाक्यालाच खालचा पहिला म्हणायचं. मग नवे तीनच." या एका वाक्यासाठी मी दोन वेळा सगळे उसवले होते.

इंचाला 14 भोके असलेला कॅनव्हास, बोथट टोकाची सुई आणि तुळशीबागेतून आणलेली लोकर एवढेच साहित्य लागते. लोकरीचा धागा मात्र हातभरापेक्षा लांब घेऊ नये, कारण भोकांतून पुनःपुन्हा घासून तो विरळ होतो आणि खालचे जाळे झाकत नाही.

सगळे टाके एकाच दिशेने ताण देत असल्यामुळे, चौकटीवर न ताणता हातात धरून भरलेला माझा पहिला चौकोन चांगलाच कलंडला. रंग जात नाही ना, हे आधी तपासून मी तो ओलसर केला, पाटावर काटकोन आखून त्यावर ओढून धरला आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी चारही बाजूंनी पक्का केला. पुण्याच्या पावसाळी हवेत तो वाळायला तीन दिवस लागले, आणि पूर्ण वाळण्याआधी टाचण्या काढल्या असत्या, तर तो पुन्हा कलंडला असता. आता दुसरा तुकडा चौकटीवर ताणून घेतला आहे. गर्द जांभळ्यापासून फिक्या जांभळ्यापर्यंत रांगेगणिक छटा बदलते आहे आणि आज सकाळी सातवी रांग सहावीला बिनफट भिडली.