नागपूरची संत्री, व्हॅलेन्सियाचं पाणी आणि मधली शाळा

परदेशातल्या शाळेबरोबर प्रकल्प म्हटलं की आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर अजून तेच येतं. पडद्यावर दोन वर्ग एकमेकांना हात हलवतात, इकडून लेझीम होतं, तिकडून गाणं होतं, प्रमाणपत्रं वाटली की संपलं. नागपूरजवळची एक मराठी माध्यमाची शाळा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एका शाळेबरोबर संत्र्यावर काम करते आहे आणि त्यात शेतकरी, व्यापारी, पॅकिंगवालेही आहेत असं कळलं, तेव्हा जानेवारीत नाशिक रोडला विदर्भ एक्सप्रेस धरली. जे पाहिलं ते लिहितोय. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर सोयीच्या गोष्टीही यातच सांगतो.

जायचं तर जानेवारीतच जा. स्पेनमध्ये नाताळची सुटी ६ जानेवारीच्या सणापर्यंत असते, त्यामुळे त्याआधी तिकडे वर्गात कुणी भेटत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात आणि नेमक्या तेव्हाच स्पेनच्या शाळा सप्टेंबरपर्यंत बंद होतात. मार्चमध्ये व्हॅलेन्सियात फायेस उत्सव आणि आपल्याकडे परीक्षा. म्हणजे दोन्हीकडे सलग काम होईल असे महिने मोजकेच उरतात. ते आधी कॅलेंडरवर मांडल्याशिवाय पहिली ईमेलसुद्धा पाठवू नका, असं या नागपूरकडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी मला बजावून सांगितलं. वेळेचंही तसंच. हिवाळ्यात स्पेन आपल्या साडेचार तास मागे असतं. आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा, म्हणून ही शाळा दुपारपाळीच्या वर्गांनाच प्रकल्पात घेते. ऑक्टोबरअखेर युरोपातली घड्याळं बदलतात, त्याआधी हाच फरक साडेतीन तासांचा असतो. हेही फळ्याशेजारी लिहून ठेवलेलं दिसलं.

आता मूळ कामाकडे येतो. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा, हातानं सहज सोलला जाणारा. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. व्हॅलेन्सियाची प्रसिद्ध संत्री घट्ट सालीची, आपल्या मोसंबीच्या जवळची. दोन्ही वर्गांनी ठरवलेल्या झाडांवरच्या फळांचा व्यास आणि वजन ठरावीक दिवशी मोजायचं आणि एकाच तक्त्यात भरायचं. रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर एका ग्रेडिंग-पॅकिंग केंद्राच्या मालकांनी वापरायला दिलं आणि वापरायचं कसं हेही त्यांच्याच माणसानं शिकवलं. इंग्रजी दोन्हीकडच्या मुलांना परकीच आहे, पण आकडे आणि फोटो असले की अडत नाही. तक्त्यात एखादा आकडा विचित्र दिसला की पलीकडून लगेच विचारणा येते, त्यामुळे मोजमाप चोख ठेवावंच लागतं.

पण खरी गंमत काटोलकडच्या बागेत आहे. तिथे नेतील का, हे आधीच विचारून घ्या. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेर झाडं फुलावीत म्हणून, डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मी गेलो तेव्हा पानं मलूल झालेली होती आणि बागेचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, एकेका झाडाची फांदी हातात घेऊन, ताण कधी तोडायचा, जास्त झाला तर झाड कसं वाळतं, हे मुलांना दाखवत होते. तो व्हिडिओ व्हॅलेन्सियाला गेला. तिथली मुलं चक्रावली. त्यांच्याकडे हिवाळ्याची थंडीच झाडाला विश्रांती देते आणि वसंतात फुलं येतात. पाणी तोडून झाडाला फुलायला लावणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या मुलांना तर, आपण जे पिढ्यान्‌पिढ्या करतो त्याचं कारण आपल्या हवामानात आहे, हे दुसऱ्या कुणी विचारलं तेव्हा कुठे उमगलं. पाठ्यपुस्तकातून हे येणार नव्हतं.

त्याच बागेत काका मुलांना म्हणाले, "पोट्टेहो, त्यायले इचारा, तिकडं पाण्याचा वाटा कोन ठरवते?" हा प्रश्न गेला आणि प्रकल्पाची दिशाच बदलली. उत्तरात व्हॅलेन्सियाच्या जलन्यायालयाची माहिती आली. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या कॅथेड्रलच्या दाराशी, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले न्यायाधीश बसतात आणि कालव्याच्या पाण्याचे तंटे तोंडी ऐकून तिथेच निकाल देतात. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. काकांच्या गावात आता विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर बैठका होतात, तेव्हा हा विषय निघतो. गावच्या माणसाला पाहुणा म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देण्याऐवजी प्रश्न विचारायचा हक्क दिला की काय होतं, ते मी तिथे पाहिलं. माझ्या मते या साऱ्या धडपडीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

कळमना मार्केट चुकवू नका. संत्र्याचा लिलाव सकाळी असतो, त्यामुळे लवकर निघा, ऑटो करा, स्वेटर घाला. जानेवारीतली नागपूरची पहाट चांगलीच बोचते. स्पेनच्या मुलांनी विचारलं होतं की तुमच्याकडे भाव कोण ठरवतं. त्यांच्याकडे बरेच बागायतदार सहकारी संस्थेमार्फत माल विकतात. इकडे अनेक शेतकरी फळं झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात. आठवीच्या मुली वही घेऊन अडत्यांसमोर उभ्या राहिल्या आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं एकेक करून लिहून घेतलं. अडते आधी हसले, मग मांडी घालून समजावत बसले.

अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही पाहण्यासारखी आहे, पण आधी पत्र देऊन परवानगी घ्या. राहायला सीताबर्डी बरं. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात आणि रेल्वे स्टेशन दोनच थांबे दूर. सकाळी तर्री पोहा खाऊन निघालात की दुपारपर्यंत चिंता नाही.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ पाठवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्या, मराठीत आणि नीट समजावून. युरोपातल्या शाळा याबाबत फार काटेकोर असतात आणि ते योग्यच आहे. जोडीदार शोधताना युरोपच्या ई-ट्विनिंग या शाळा जोडणाऱ्या व्यासपीठावर वेळ घालवू नका, ते युरोप आणि शेजारच्या देशांपुरतं आहे. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडून सुरू झालेलं आयअर्न (iEARN) हे शाळांचं जाळं मात्र भारतातल्या शिक्षकांना खुलं आहे.

आम्ही नाशिकचे, तेव्हा विषय द्राक्ष. दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्ष पट्ट्यातली शाळा शोधतोय. तिकडचा तोडा आपल्याच हंगामात येतो, वेळही साडेतीन तासच मागे आणि त्यांचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. पण पत्र लिहिण्याआधी निफाड आणि दिंडोरीच्या बागायतदारांना बोलावलं आहे, तिकडे काय विचारायचं ते त्यांच्याकडूनच घ्यायचं म्हणून.