तळाची जाळी

नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात गोव्यातल्या रिसॉर्टचा लाइफगार्ड पाण्याइतकीच मनगटं बघतो. सात वर्षं मी हे करतोय. २८ डिसेंबरला जे झालं ते त्या मनगटांमुळेच झालं, आणि अजून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

दक्षिण गोव्यात आमच्या आवारात एकाच मालकाची तीन हॉटेलं आहेत. समुद्राला लागून मोठं, त्याच्या मागे बागेतलं, आणि रस्त्याकडेला तिसरं, स्वस्तातलं. प्रत्येकाला आपापला पूल. मोठ्या हॉटेलच्या पाहुण्याला सोनेरी बँड, बागेतल्याला निळा, रस्त्याकडच्याला हिरवा. सोनेरी बँडवाल्याने तिन्हीकडे पोहावं, निळ्या-हिरव्याने फक्त आपल्याकडे. हा नियम बुकिंगच्या वेळी कोणी धड सांगत नाही. फोटोत मोठा पूल दाखवतात, 'सगळं एकच आवार आहे' म्हणतात, आणि उरलेलं वाक्य गेटवर माझ्या तोंडून पाहुण्याला ऐकावं लागतं. पोराबाळांसमोर, ओल्या टॉवेलनिशी उभं असताना. फ्रंट ऑफिसवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी.

नियम मुळात वाईट नाही. प्रत्येक पूलची माणसं ठरलेली असतात. आम्ही माणशी तीन चौरस मीटर पाणी धरतो. आमचा मोठा पूल २२ मीटर लांब, ११ मीटर रुंद, म्हणजे ऐंशी माणसं. बागेतला १२ बाय ६, म्हणजे चोवीस. त्याच्यावर गेलं की क्लोरीन पुरत नाही, फिल्टर पुरत नाही, आणि माझी नजर तर नाहीच नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. श्वास घेण्यातच त्याचा सगळा जोर जातो, आणि हे सगळं मिनिटाच्या आत आटपतं. गर्दीत तो शेजारच्यालाही कळत नाही. फ्लोरिडात डिस्नी वर्ल्डच्या एकाच आवारात वीसहून जास्त हॉटेलं आहेत, तिथेही एका हॉटेलात उतरून दुसऱ्याच्या पूलमध्ये जायला सहसा मनाई आहे. त्याला पूल हॉपिंग म्हणतात, आणि गर्दीच्या पूलवर तिथेही बँड तपासतात. तेव्हा दुसऱ्याच्या पूलवर जायचंच असेल तर माझं म्हणणं साधं आहे. त्या हॉटेलच्या रिसेप्शनला उघड विचारा, कुंपणाच्या फटीतून येऊ नका. टॉवेल टाकून खुर्च्या अडवू नका. शॉवर घेऊनच पाण्यात उतरा, कारण अंगावरचं तेल आणि घामच बरंच क्लोरीन खातो. आणि ज्यांचा पूल आहे त्यांनाच जागा उरली नाही असं दिसलं, तर कोणी सांगायच्या आधी उठा.

शेवटची गोष्ट त्या दिवशी एकाच माणसाने पाळली.

सकाळी साडेसातला मी पाणी तपासत होतो. पूल आठला उघडतो, त्याआधी कोपर भिजेल इतक्या खोलवरून नमुना घ्यायचा, एका नळीत फिनॉल रेडचे थेंब, दुसऱ्या नळीत डीपीडीची गोळी. पहिलीतला रंग पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते, सांगतो, दुसरीतला गुलाबी क्लोरीन. नळ्या उजेडाकडे धरून बघत होतो तेवढ्यात गेटबाहेरून आवाज आला.

"पीएच किती आला, भाऊ?"

सात वर्षांत एकाही पाहुण्याने मला हे विचारलं नव्हतं. साठी उलटलेले, डोक्याला मफलर, खांद्यावर टॉवेल, आणि हाताला धरलेली सहाएक वर्षांची नात.

"सात पॉइंट चार, आजोबा."

"आमास्नी फवारणीला साडेसहाच्या आसपास लागतोय. त्याच्यावर गेला की औषधाचा जोर जातोय."

तासगावकडचे द्राक्षबागायतदार निघाले. ऐन हंगामात बाग पोरावर सोपवून सून-नातवंडांबरोबर चार दिवस आले होते. पाण्याचा पीएच वाढला की क्लोरीनचाही जोर कमी होतो, म्हणून आम्ही तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवतो, हे मी सांगितलं. त्यांनी नळी मागून घेतली, उन्हात फिरवून बघितली, नातीला दाखवली. पाच-सात मिनिटं आम्ही छान बोललो. मग आठ वाजले, मी गेट उघडलं, आणि सवयीने त्यांचं मनगट बघितलं. निळा.

"आजोबा, तुमचा पूल मागे बागेत आहे."

"रातच्याला काउंटरवरच्या बाईनं सांगितलं, कुठंबी जावा म्हणून."

"चुकीचं सांगितलं त्यांनी."

"तिथं चार फूट हाय ओ सगळीकडं. हिचं पाय टेकत न्हाईत."

ते खरं होतं. आमच्याकडे लहान मुलांचा अडीच फुटांचा भाग आहे, बागेत तो नाही. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं, "बरं," म्हणाले, आणि नातीला घेऊन गेले. नात मागे वळून बघत होती.

साडेनऊपर्यंत आमच्या पूलमध्ये सहा माणसं होती. सुपरवायझरला एक फोन करून तासाभराची परवानगी काढता आली असती. तो देतो, मी पूर्वी काढलीही आहे. त्या दिवशी काढली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

अकरा वाजता पूल भरला. अकरा वीसला एक बाई उथळ भागातून मूल छातीशी धरून घाईने बाहेर आली. तिच्या मागे पाण्यात जे पसरत होतं ते बघून मी शिट्टी मारली, आणि दोन मिनिटांत सत्तर माणसं बाहेर काढली. मूल दीड वर्षाचं, साधा डायपर, पोट बिघडलेलं. त्या आईला मी दोष देणार नाही. पोहण्याचा डायपर असता तरी पातळ शी त्यात थांबत नाही.

लोकांना वाटतं जाळीने काढलं, थोडं क्लोरीन टाकलं की झालं. घट्ट असेल तर जवळपास तसंच असतं. जाळीने काढायचं, क्लोरीन २ पीपीएमवर, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम, आणि पीएच ७.५ च्या आत ठेवायचा, अर्धा तास कोणाला आत घ्यायचं नाही. जुलाब असतील तर गोष्ट वेगळी. त्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू असू शकतो, त्याचं कवच असं चिवट की रोजच्या क्लोरीनमध्ये तो आठवडाभर जगतो. त्याला मारायला २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास सलग टिकवावं लागतं. आमचा पूल तीन लाख लिटरच्या वर. वीसवर न्यायला सहा किलोहून जास्त क्लोरीन, म्हणजे आमच्या हायपोचे, दहा टक्क्यांच्या पातळ क्लोरीनचे, साठ-बासष्ट लिटर, ३५ लिटरचे जवळजवळ दोन कॅन. त्यात डिसेंबरचं कोवळं दिसणारं ऊनही क्लोरीन उडवतं, म्हणून दर तासाला मोजून भर घालायची. संध्याकाळपर्यंत तिसरा कॅनही गेला.

आणि मोजण्यातही एक फसवणूक आहे. क्लोरीन फार असलं की डीपीडीची गोळी रंग धरून लगेच सोडते, नळी पांढरी दिसते. नवा माणूस म्हणतो, शून्य आहे, अजून ओता. एक भाग नमुना नऊ भाग शुद्ध पाण्यात मिसळून मोजायचा आणि आकड्याला दहाने गुणायचं. हे मला माझ्या पहिल्या उस्तादाने शिकवलं, आणि पंप ऑपरेटरला त्या दिवशी मी शिकवलं. एक वाजता क्लोरीन वीसला पोचलं. म्हणजे रात्री पावणेदोनपर्यंत पूल बंद.

हे मी ड्यूटी मॅनेजरला सांगितलं. त्याने पाहुण्यांना जाऊन जे सांगितलं ते मी दहा फुटांवरून ऐकलं. "बाहेरच्या हॉटेलचे लोक घुसतात, त्यांच्यामुळे झालं. यापुढे कडक तपासणी होईल."

मुलाच्या आईच्या हातात सोनेरी बँड होता. मी बघितला होता. सत्तर माणसं माना हलवत होती, आणि मी हातात कॅन धरून उभा होतो. त्या वेळी मी बोललो नाही. लॉगबुकमध्ये मात्र वेळ, कारण, क्लोरीन, पीएच, सगळं लिहिलं आणि शेवटी 'बँड सोनेरी' असंही लिहिलं.

तीनच्या सुमारास बागेतल्या पूलचा मुलगा धावत आला. फोंड्याचा, पहिलाच सीझन, एकटा ड्यूटीवर. "दादा, जरा चल." ऑपरेटरवर वीसचा आकडा सोपवून मी गेलो.

चोवीस माणसांच्या पूलमध्ये मी एकेचाळीस मोजली. त्यातली तीसेक मनगटं सोनेरी. नियमाने त्यांना तिथे यायला पूर्ण मुभा होती. एक मोठा हवेचा हंस निम्मं पाणी अडवून होता, काठावर बिअरचे ग्लास होते, काचेचे. सगळ्या खुर्च्यांवर आमच्या हॉटेलचे पांढरे टॉवेल. निळ्या बँडची माणसं भिंतीच्या कडेने उभी.

आजोबा पाण्यातच होते, एका कोपऱ्यात, नातीला काखेत धरून. ती हातपाय मारायला बघायची आणि दरवेळी कोणाच्या तरी पाठीला पाय लागायचा. मी बघत असतानाच ते पायऱ्यांवरून वर आले, तिला पुसलं आणि खुर्ची शोधायला लागले. एकच मोकळी होती. तिच्यावर त्यांनी टॉवेल ठेवला, तेवढ्यात मागून एक सोनेरी बँडवाल्या बाई आल्या. आजोबांनी टॉवेल उचलला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आजोबा, पूल तुमचा आहे. तुम्ही का उठलात?"

"ऱ्हाऊ द्या की. पाव्हणं आल्यात, पवू द्यात."

मी काठावर गेलो आणि तळाकडे बघितलं. प्रत्येक पूलच्या सगळ्यात खोल जागी पाणी ओढून घेणारी जाळी असते. काठावर उभं राहून त्या जाळीच्या चिरा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, नाहीतर पूल रिकामा करायचा, कारण जाळी दिसत नाही तिथे तळाला गेलेलं मूलही दिसत नाही. यात मॅनेजरला विचारायचं नसतं. तिथे मला जाळी दिसत नव्हती. ताक घुसळल्यासारखं पाणी झालं होतं. नमुना घेतला, सकाळी १.८ असलेलं क्लोरीन ०.४ वर आलं होतं.

मी तीन लांब शिट्ट्या मारल्या.

जे ऐकून घेतलं ते लिहीत नाही. "आम्ही रात्रीला किती भरतो माहीत आहे का" हे वाक्य चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. मॅनेजर आला. मी त्याला काठावर नेलं आणि म्हटलं, "साहेब, जाळी दाखवा." त्याने बघितलं आणि तो गप्प झाला. सव्वा लिटर हायपो घातला, काचा उचलल्या, हंसाची हवा काढली, फिल्टर बॅकवॉश करून, म्हणजे उलटं पाणी सोडून धुऊन, पुन्हा लावला. पाणी निवांत राहिलं की बरंच बसतं. सव्वा तासाने चिरा दिसायला लागल्या.

मग मी गेटवर उभा राहिलो आणि मोजून चोवीस आत सोडली. आधी निळी. निळी सोळा होती. उरलेल्या आठ जागा सोनेरी बँडला. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. सोनेरीला सगळीकडे मुभा आहे, पण पूल भरला तर आधी कोण, याबद्दल नियमात एक अक्षर नाही. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला.

आजोबा त्या सोळांत नव्हते. नात दमून झोपली म्हणून तिला खोलीवर नेलं, असं फोंड्याच्या पोराने सांगितलं.

दोन दिवसांनी मेमो आला. 'प्रीमियम पाहुण्यांना ताटकळत ठेवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा.' खुलाशात मी आकडे दिले आहेत: ७२ चौरस मीटर, ४१ माणसं, ०.४ पीपीएम. लॉगबुकचं पान जोडलं आहे, 'बँड सोनेरी' या ओळीसकट. सुपरवायझर म्हणाला, ती ओळ झाकून झेरॉक्स काढ. मी काढली नाही. नियमात एक वाक्य घाला, अशी मागणीही केली आहे: पूल भरल्यावर पहिला हक्क त्या हॉटेलच्या पाहुण्याचा. अजून उत्तर नाही. पण मी अडलोय ते मेमोवर नाही. साडेचारला ज्या गेटवर मी निळ्या बँडला आधी घेतलं, तोच मी सकाळी आठला, पाणी मोकळं असताना, काय करत होतो, यावर अडलोय.

मेमोच्या आधी, २९ तारखेला सकाळी सातला मी मोठ्या पूलवर होतो. पावणेदोनला मुदत संपल्यावर बॅकवॉश केला होता, थायोसल्फेटने क्लोरीन खाली आणत होतो. पाणी इतकं निर्मळ होतं की जाळीच्या चिरा मोजता आल्या असत्या. गेट सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. आजोबा बाहेर आले. बॅगा गाडीत चढल्या होत्या, नात त्यांच्या बोटाला धरून उभी. उंबऱ्याच्या पट्टीपाशी येऊन ते थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

या ना आत, नातीला पाय बुडवू दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्या हातातल्या नळीत क्लोरीन अजून सहा होतं, आणि सहाच्या पाण्यात मी कोणालाच घेत नाही.

"आज पीएच किती?" त्यांनी विचारलं.

"सात पॉइंट सहा."

"चढलाय जरा."

"होय. रात्री हायपो फार गेला."

त्यांनी मान हलवली. मग नातीला म्हणाले, "बघ, कसं निवाळलंय पाणी," आणि ती वाकून गेटबाहेरूनच बराच वेळ बघत राहिली, गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत.