तुम्ही विचारलंत म्हणून : आधी सेलचा डबा उघडा

घरी कुणी आलं की नजर मांडणीवर जाते, आणि चहा येईपर्यंत प्रश्न ठरलेला : "एवढे टेप? आणि कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा, हे ठरवता कसं?" सौ. आतूनच उत्तर देते, "सोडायचं असं काही नसतंय त्यांचं." हे साफ खोटं आहे. मांडणीवर एकवीस टेप आहेत, सोडलेले त्याच्या चौपट असतील.

रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत, वर धरायला मूठ, अशा या टेपला बूमबॉक्स म्हणतात, हा शब्द मी फार उशिरा शिकलो. सांगली-मिरजेत त्याला नुसतं टेप म्हणायचे, जरा ऐट करायची असली तर टू-इन-वन. परदेशातले शौकीन ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते टेप, म्हणजे जेव्हीसीचा १९८१ सालचा आरसी-एम९० किंवा शार्पचा जीएफ-७७७, मला फुकट मिळाले तरी नकोत. (बरं, फुकट मिळाले तर बघू.) देखणे आहेत, पण आमच्या गल्लीत मी ते कधी वाजताना ऐकले नाहीत. माझी पहिली अट तीच : टेप आपल्या जिल्ह्यात वाजलेला हवा.

आमच्याकडे हे टेप आखातातून आले तेवढेच गलाईवाल्यांच्या हातून आले, असं माझं मत. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, आणि जत्रेला गावी येताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी नवल. माझे मामा मद्रासला होते. तिथल्या बर्मा बाजारातून त्यांनी नॅशनल पॅनासॉनिक आणला, तो टॉवेलात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर ठेवून. मामींनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं. सहा मोठे सेल, दीड-दीड व्होल्टचे. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी गाणं रडायला लागायचं, मग आम्ही पोरं ते सेल पत्र्यावर उन्हात वाळवायचो. तासभर परत जीव यायचा.

त्या सेलमुळेच मी कुठलाही टेप हातात घेतला की आधी पालथा करतो. समोरचे काटे, दिवे, चकाकी विकणाऱ्यानं पुसून ठेवलेलीच असते; सेलचा डबा कुणी पुसत नाही. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल गळतात. स्प्रिंगवर नुसती हिरवट-पांढरी बुरशी असेल तर हरकत नाही, स्प्रिंग बदलता येते. पण तीच घाण तारेतून वर चढून बोर्डाच्या तांब्यापर्यंत पोचली असेल तर झाकण लावायचं आणि "बघतो" म्हणून उठायचं.

दुसरी गोष्ट खास सांगलीची. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्यानंतर वर्षभर भंगारात टेपच टेप. "काका, एकदम चकाचक हाय, धुऊन ठेवलाय." धुऊन ठेवलाय हेच तर दुखणं! जाळीच्या कोपऱ्यात नखानं खरवडलं की मैद्यासारखा गाळ निघतो, आणि स्पीकरचा कागद वाळलेल्या पापडासारखा लाटा आलेला असतो. तो गाळ कॅसेटच्या यंत्रात बसला की हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागाला, पॉलिश पेपरसारखा घासतो. असे टेप मी सुट्या भागांसाठी घेतो, मांडणीसाठी नाही.

एकदा मीही फसलोय. ऑनलाइन एक जपानी टेप मागवला, नवाकोरा वाटावा असा. मागची पट्टी न वाचता प्लग लावला. जपानातला माल १०० व्होल्टचा, आपला बोर्ड २३०चा. आधी वास आला, मग धूर. पुढं ट्रान्सफॉर्मर बदलला, तर एफएमवर सगळी सामसूम. जपानी डायल ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि आपली बहुतेक स्टेशनं ९१च्या पुढं. आता मागं ११०-२२०ची कळ आणि १०८पर्यंत एफएम, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाकीट काढत नाही. मिडियम वेव्ह मात्र सगळीकडे एकच. १२५१ किलोहर्ट्झला, म्हणजे आमच्या सांगली आकाशवाणीच्या जागी, मामांच्या डायलवर पेनची खूण होती.

कॅसेट फिरत नसेल तर घाबरू नका. नव्वद टक्के वेळा आतला रबरी बेल्ट डांबरासारखा वितळलेला असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापूस आणि दोन संध्याकाळी, एवढाच खर्च. बोटं मात्र आठवडाभर काळी. विकणारा "बंद हाय" म्हणून भाव पाडतो तेव्हा मी गप्प राहतो, हेही कबूल करून टाकतो.

फिरत असेल तर मग खरी परीक्षा. माझ्या पिशवीत एक कॅसेट कायम असते. तिच्यावर गाणं नाही, नुसता तंबोरा आहे, काळी एकच्या पट्टीतला. मिरजेत एका वाद्यं बनवणाऱ्या कारागिराकडे बसून भरून घेतलाय. सिनेमाच्या गाण्यात ढोलकी-व्हायोलिनच्या गर्दीत सगळी पापं झाकली जातात. तंबोऱ्यात नाही. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली तेव्हापासूनचा हा वेग. षड्ज, म्हणजे सा, एकसारखा खाली बसला असेल तर मोटरच्या मागच्या बारीक छिद्रात स्क्रू फिरवला की काम होतं. पण षड्ज हेलकावायला लागला, झोपाळ्यावर बसल्यासारखा, तर बेल्ट, रबरी चाक, नाहीतर फीत ओढणारा दांडा, कुठंतरी झीज आहे. आवाज कोंदट आला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवायचा. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची गुंजणारी आस, मोकळी झाली की कळतंच. बाजारात लोक थांबून बघतात, हा माणूस टेपला कान लावून तंबोरा काय ऐकतोय म्हणून.

आणि मामांचा टेप? तो माझ्याकडे नाही. मामेभावाच्या गोठ्यात खुंटीला टांगलाय, क्रोशाचं कव्हर कधीच गेलं, वर कडब्याची धूळ. दोनदा मी बेल्ट बदलून दिलाय. "न्या की," म्हणतो तो, "पण म्हशीचं काय ते तुम्हीच बघा." धारेच्या वेळी तो टेप वाजल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. बदली म्हणून मी दोन टेप नेऊन लावून बघितले, एक तर चांगला दोन कॅसेटींचा डबल डेक होता. तिनं मान वळवून बघितलं आणि लाथ मारली. तिसरा दुरुस्तीला टेबलावर आहे.