पाचाच्या पायातली कापरेकरांची वाट

रविवार, रात्र

कापरेकरांची क्रिया आज पाचाच्या पायात, म्हणजे घरं दहाऐवजी पाचपटीने वाढतात अशा संख्यालेखनात. दशमानात ती बहुतेकांना ठाऊक आहे: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग हलत नाही. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडलं.

पाचाच्या पायात अंक ० ते ४ एवढेच. घरं एकक, पाच, पंचवीस, सव्वाशे. १०२४ ला 'एक हजार चोवीस' म्हणायचं नाही, अंक सुटे वाचायचे. नाहीतर मन लगेच दशमानात घसरतं.

१०२४ पासूनच निघू. ४२१० − ०१२४. एककात शून्यातून चार जात नाहीत, शेजारून एक उसना घ्यायचा. तो येतो तेव्हा त्याचे पाच होतात. ५ − ४ = १. शेजारच्या १ चा ० झाला, त्यातून २ काढायला पुन्हा उसना: ३. पुढे २ चा १, त्यातून १ गेला: ०. शेवटी ४. उत्तर ४०३१. मग ४३१० − ०१३४ = ४१२१, मग ४२११ − ११२४ = ३०३२. आणि ३३२० − ०२३३ पुन्हा ३०३२!

चूक होते ती सवयीने दहा उसने घेतल्यामुळे. इथे १० − ४ = ६ आलं की लगेच कळतं, कारण ६ हा अंकच नाही. आठाच्या पायात मात्र तोच ६ खपून जातो आणि पुढचं सगळं बिघडतं. दुसरी चूक पुढचं शून्य गाळण्याची. १००० − ०००१ = ०४४४; शून्य ठेवलं तर ४४४० − ०४४४ = ३४४१, वाट चालू राहते. गाळलं तर उरतात ४४४, आणि पुढची वजाबाकी शून्य.

प्रत्येक संख्या तपासावी लागत नाही, हे मला फार आवडतं. उत्तर दोनच फरकांवर ठरतं: मोठा अंक वजा लहान, आणि मधल्या दोघांतला फरक. दशमानात सांगायचं तर पहिल्याची १२४ पट (१२५ − १) अधिक दुसऱ्याची २० पट (२५ − ५). अशा जोड्या फक्त १४, आणि चौदाही ३०३२ लाच पोचतात. अख्खी सिद्धता वहीच्या एका पानात मावते.

तीन अंकांत पाचाचा पाया दगा देतो: १४३ वरून २४२, २४२ वरून पुन्हा १४३. मोठ्या-लहान अंकांतला फरक क्ष धरला, तर उत्तराचे अंक क्ष − १, पाया − १ आणि पाया − क्ष. पुढचा फरक म्हणजे पाया − क्ष आणि क्ष − १ यांतला मोठा. तो पुन्हा क्षच यायचा, तर क्ष पायाच्या निम्मा हवा. विषम पायाला पूर्ण निम्मा कुठला? दहाचा निम्मा ५, म्हणून दशमानात तीन अंकांची वाट ४९५ वर थांबते.

६१७४ ला सातने भाग जातो, तो कुठल्याही पायात जाईल. ते संख्येचं अंगचं. वाट तिथे येऊन थांबणं हे दशमान लेखनाचं. पाचाच्या पायात ही संख्या सहा अंकी होते: १४४१४४. म्हणजे १४४ गुणिले १००१, त्याच पायात. दशमानात ४९ × १२६.