तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली नायट्रो गाडी कुठली घ्यावी?

रविवारी सकाळी खारघरला डोंगराच्या बाजूच्या मैदानात माझी रिमोटवरची नायट्रो गाडी, म्हणजे बॅटरीऐवजी खरं छोटं इंजिन असलेली, पळवत असलो की कोणीतरी येऊन उभं राहतंच, आधी आवाज ऐकून, मग धूर बघून, आणि पाच मिनिटांत तोच प्रश्न, की नवीन माणसाने नायट्रोमध्ये काय घ्यावं, बग्गी, ट्रगी का मॉन्स्टर ट्रक. तेव्हा इंजिन चालू असतं, धड बोलता येत नाही, म्हणून इथे सांगतो.

ट्रगी घ्या.

सगळ्यांचं मन बसतं मॉन्स्टर ट्रकवर, सॅवेज किंवा रेव्होचे व्हिडिओ बघितलेले असतात. मीही पहिला मॉन्स्टर ट्रकच घेतला होता. मोठी चाकं, पोट जमिनीपासून उंच, दगडधोंड्यावरून आरामात जातो, सगळं खरं आहे. पण उंच म्हणूनच वळणावर कलंडतो, आणि शिकाऊ माणूस वळवतो तेही फुल थ्रॉटलमध्येच. बॅटरीची गाडी उलटली तर चालत जाऊन सरळ करता येते. नायट्रोचं तसं नाही हो. उलटी पडली की टाकीतून फ्युएल नीट येत नाही, नळीत हवा शिरते, चाकं वर असल्यामुळे इंजिनवर लोडही नाही, आणि घाबरून तुमचं बोट ट्रिगरवरच राहिलं तर ते किंचाळत सुटतं. यात ऑइल फ्युएलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे फ्युएल कमी तर वंगणही कमी. माझी गाडी लांब जाऊन उलटली होती, मी धावत पोचेपर्यंत आवाज बंद. घरी येऊन फ्लायव्हील हाताने फिरवून बघितलं तर पिस्टन वर येताना जो घट्टपणा लागतो तो नव्हताच, गरागरा फिरत होतं. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, तो घट्टपणा तिचाच, तो गेला म्हणजे कॉम्प्रेशन गेलं. तो दिवस अजून लागतो मनाला.

बग्गी चालवायला सगळ्यात सुंदर, 1/8 ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, 3.5 सीसी इंजिन, बसकी, चारही चाकांना ताकद, रेसचा ट्रॅक जवळ असता तर मी दुसरं नाव घेतलं नसतं. पण आपल्याकडे मुरूम, खडी आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत, त्यात तिची छोटी चाकं अडकतात. 1/10 चा स्टेडियम ट्रक हलका असतो, फ्युएल कमी पितो, पण ताकद फक्त मागच्या चाकांना, मुरमावर ढुंगण फिरतं त्याचं.

ट्रगी म्हणजे बग्गीच लांबरुंद करून ट्रकची चाकं लावलेली. रेसच्या नियमात बग्गीला 125 सीसीची टाकी आणि ट्रगीला 150, एवढा तो फरक. रुंद आणि बसकी असल्याने सहज उलटत नाही, चाकं मोठी म्हणून खडीवरही जाते. वळायला जागा जास्त लागते, तेवढं चालवून घ्या. फक्त रेसवाली किट नको, तिला इंजिन चालू करायला स्टार्टर बॉक्स वेगळा लागतो, पुल स्टार्टवाली, म्हणजे दोरी ओढून चालू होणारी, रेडी टू रन, जोडून तयार मिळणारी बघा.

गाडी कुठलीही घ्या, पहिल्या काही टाक्या रिच मिक्श्चरवर, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल जास्त ठेवून, सावकाश जाळा, आणि मध्ये इंजिन गार करताना फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा, नाहीतर गार होताना स्लीव्ह आवळून पिस्टनला धरते. निडल, म्हणजे इंजिनला जाणारं फ्युएल कमीजास्त करणारा स्क्रू, एकदा लावली की झालं असं नसतं. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात बसवलेली निडल डिसेंबरच्या गार सकाळी लीन पडते, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी पडतं, कारण गार हवा दाट असते. एकदम फिरवू नका, एक अष्टमांश आटा उघडायचा, एक चक्कर मारायची, मागे धुराची रेघ दिसते का बघायचं, दिसली नाही तर अजून थोडी.

आणि एक कळकळीने सांगतो, हे फ्युएल म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, पोटात गेलं तर विष, आणि पेटलं तर उन्हात ज्वाळा दिसतसुद्धा नाही. बाटली लहान मुलांपासून आणि सिगरेटवाल्यांपासून लांब ठेवा. ते हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून घरी जायच्या आधी टाकी रिकामी करून इंजिनमध्ये आफ्टर रन ऑइलचे चार थेंब टाका, आपल्या खाडीच्या हवेत बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा चालू करताना एकटे करू नका, मैदानात घेऊन या, चालू करताना इंजिनचा ग्लो प्लग तापवायला लागतो तो ग्लो स्टार्टर माझ्याकडे दोन आहेत.