पेपर त्याचा, हात माझा

बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मार्कशीट आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली होती, ती तशीच कपाटात राहिली. ती बाहेर काढायची वेळ आली कोरोनाच्या आदल्या वर्षी. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी कॉलेजात शिकवते. ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काकू, तुमचं बारावीच ना? आमच्या एका अंध विद्यार्थ्याला रायटर हवाय. परवा पेपर आहे."

परीक्षार्थी तोंडाने सांगेल ते लिहून देणारा, तो सरकारी भाषेत लेखनिक, मुलांच्या तोंडी रायटर. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असा तेव्हा नियम होता. बीएच्या पेपरला पदवीधर चालायचा नाही. आजूबाजूला जो तो पदवीधर, त्यामुळे ही मुलं परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत फोन करत बसतात. कोणी "येतो" म्हणतं आणि सकाळी फोन बंद. वर्षभराचा अभ्यास त्या एका फोनवर अडकलेला असतो.

तो बीड जिल्ह्यातला, वय एकवीस, विषय इतिहास. आम्हाला वेगळी खोली दिली होती. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. मी प्रश्न वाचला की तो बाकावर बोटाने हलकेच ठोके द्यायचा आणि मग एकदम सांगायला लागायचा. परिच्छेद कुठे पाडायचा, रेघ कुठे ओढायची, सगळं त्याच्या डोक्यात. पहिल्या पानावरच त्याने मला बजावलं, "मावशी, मनाने काही लिहायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर विचारा."

तिसऱ्या प्रश्नात महात्मा फुले आले. तो म्हणाला, "सत्यशोधक समाजाची स्थापना १८७५." माझं पेन थांबलं. मी पुण्याची, १८७३ हे साल मला शाळेपासून पाठ. नुसतं "नक्की ना?" म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं. मी १८७५ लिहिलं. हाताला घाम फुटला होता.

पेपर देऊन जिना उतरताना तोच थबकला. "अहो मावशी, त्र्याहत्तर! पंच्याहत्तर आर्य समाज. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"बरं झालं लिहिलं नाहीत. नाहीतर मार्क तुमचे झाले असते."

मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते. मदत करायची म्हणजे किती आणि कुठे थांबायचं, हे मला त्या जिन्यात कळलं.

पुढे तो आमच्या घरी येऊ लागला. एकदा ब्रेलची पाटी घेऊन आला. जाड कागद पाटीत अडकवायचा, टोच्याने एकेक ठिपका दाबायचा, आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की ठिपके वर येतात आणि वाचायचं मात्र डावीकडून. एका घरात सहा ठिपक्यांची जागा. त्याने मला "आई" लिहायला शिकवलं: 'आ'ला तिसरा, चौथा, पाचवा ठिपका, 'ई'ला तिसरा आणि पाचवा. दोन घरं, पाच ठिपके. डोळे मिटून बोट फिरवलं तर मला ते पाचही वेगळे लागेनात. तो हसला नाही. माझं बोट धरून पुन्हा फिरवलं.

बीएची त्याची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हतीच. मी ती मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करून द्यायचे. दृष्टिहीनांसाठी अशी प्रत करायला २०१२ पासून आपला कॉपीराइट कायदा मुभा देतो, हेही मला त्यानेच सांगितलं. दुपारी कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं, एवढीच काय ती अडचण.

मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली. बीए झाल्यावर त्याने बँकेच्या क्लार्कची परीक्षा धरली. पूर्व परीक्षेला शंभर प्रश्न, साठ मिनिटं, त्याला ऐंशी. इथे रायटरने प्रश्न भराभर वाचून दाखवायचे आणि तो सांगेल त्या पर्यायावर क्लिक करायचं. इंग्रजी उतारे मोठ्याने वाचायची मला सवय नव्हती. दोन महिने रोज दुपारी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून बसलो. पहिल्या वेळी यादीत नाव आलं नाही, दुसऱ्या वेळी आलं.

मला वाटलं, झालं. पण नोकरी लागणं आणि काम मिळणं या दोन गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत, आणि कामासाठी लागणारी वाजवी सोय करून देणंही त्याच कायद्यात आहे. त्याच्या पहिल्या शाखेत त्याला कोपऱ्यातलं टेबल मिळालं, त्यावर कॉम्प्युटरच नव्हता. "बसून राहा, पगार मिळेलच," असं त्याला सांगितलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण जो मुलगा चुकलेल्या सालाचेसुद्धा मार्क माझ्याकडून घ्यायला तयार नव्हता, त्याला पाच महिने बसून पगार घ्यायला लावला. तो फोनवर बोलेनासा झाला होता. मला अजून राग येतो.

त्याला हवं होतं ते एनव्हीडीए, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याचं काम सुरू केलं आणि ते कोणालाही फुकट मिळतं. एक पैसा खर्च नव्हता, फक्त वरून परवानगी हवी होती. बदली झाली, नव्या शाखेतल्या मॅनेजर बाईंनी स्वतः पत्र लिहिलं, पाठपुरावा केला आणि परवानगी आणली.

गेल्या महिन्यात मुदत ठेवीच्या कामाला मी मुद्दाम त्याच्या शाखेत गेले. एका कानात इअरफोन, बोटं कीबोर्डवर. आवाज ओळखून म्हणाला, "या मावशी, बसा." माझा खाते क्रमांक घातला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "नॉमिनीचा रकाना रिकामा आहे. कोणाचं नाव घालू?"

मी मुलीचं नाव सांगितलं. त्याची बोटं थांबली.

"स्पेलिंग सांगा मावशी. मनाने लिहायचं नाही."

मी एकेक अक्षर सांगत गेले. तो लिहीत गेला.