सात महिन्यांचा अबोला आणि दोन समुपदेशक

मुलगी पंधरा वर्षांची असताना तिनं बाबांशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की मला सांगायची, मी ह्यांना सांगायचे, ह्यांचं उत्तर परत माझ्यामार्फत. सात महिने मी निरोप पोचवत राहिले. घर धरून ठेवतेय असंच मला वाटत होतं.

शेवटी आम्ही तिघं कुटुंब-समुपदेशनाला गेलो. पहिल्या समुपदेशक बाई मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या पद्धतीनं काम करायच्या. त्यांनी आमच्या तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा नकाशा, काढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नातं तुटलं असेल तिथे छेदलेली रेघ. ह्यांनी आणि त्यांच्या वडिलांनीही एकमेकांशी बोलणं सोडलं होतं आणि मध्ये सासूबाई होत्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा कागदावर पाहिलं. दोघांतला ताण सोसेना की तिसरं माणूस मध्ये ओढलं जातं, त्याला बोवेन त्रिकोण म्हणतात. मला ते आतपर्यंत पटलं. मुलगी मात्र म्हणाली, "आजोबांचं मी काय करू?" चौथ्या सेशननंतर ती आलीच नाही.

दुसरे समुपदेशक साल्वादोर मिनुशिन या कुटुंब-उपचारतज्ज्ञांच्या स्ट्रक्चरल पद्धतीचे, म्हणजे घराची आजची रचना पाहणारे. जुनं काही विचारलं नाही. कोण कुठे बसलंय एवढंच पाहिलं. मी अर्थातच दोघांच्या मधे. त्यांनी मला उठवून स्वतःशेजारी बसवलं, बापलेकीच्या खुर्च्या समोरासमोर केल्या आणि म्हणाले, "रात्री घरी कधी यायचं, ते तुम्ही दोघं ठरवा." मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. ती शांतता मला सहन होत नव्हती. शेवटी मुलगी बोलली, "तुम्ही माझे मेसेज वाचलेत." हे म्हणाले, "वाचले. भीती वाटली होती मला." ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. दोघांचे सगळे निरोप माझ्या हातून गेले होते, हा एक सोडून.

त्या रात्री मी खूप रडले. सगळा दोष माझ्याच माथी आला असं वाटलं. पुढच्या सेशनला त्यांनी समजावलं की मिनुशिन दोष शोधत नाहीत, सीमारेषा पाहतात. आईवडिलांनी आधी आपसात ठरवायचं, मग मुलांना सांगायचं. आम्हा नवराबायकोला हे फार जड गेलं, आणि खरं काम तिथेच होतं.

नंतर त्यांनी मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या उपचारतज्ज्ञांच्या नॅरेटिव्ह, म्हणजे आपली गोष्ट नव्यानं सांगण्याच्या, पद्धतीतलंही थोडं घेतलं. अबोल्याला माणसापासून वेगळं काढायचं. "अबोला घरात कधी येतो? कोण त्याला दार उघडतं?" मुलीला हे आवडलं, कारण प्रश्नात ती गुन्हेगार नव्हती.

कोणती पद्धत चांगली, असं मला बरेच जण विचारतात. आमच्यापुरतं सांगते: आधी समोरासमोर बोलणं हवं होतं, इतिहास नंतर. घरात मारहाण किंवा दहशत असेल तर मात्र सगळ्यांना एकत्र बसवण्याची घाई नको, आधी प्रत्येकाला एकेकटं भेटायला सांगा.

गेल्या महिन्यात मुलीनं तो जेनोग्रामचा कागद मागितला. आजोबांच्या चौकोनाकडे बोट दाखवून तिनं बाबांना विचारलं, "तुमचं नेमकं कशावरून बिनसलं होतं?" मी स्वयंपाकघरात होते. तिथेच थांबले.